पत्रांची चुकामूक

गुरुवारी पहाटे बगदादवर बॉम्ब पडले आणि दुपारी शारजातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मुरलीधर ओगले यांचा फोन आला.

“वहिनी, उद्याचं अभिवाचन आपण कॅन्सल करतोय,” ते छायाला म्हणाले. “शाळा हॉल देतेय, तो प्रश्न नाही. पण ‘अमेरिकन क्रांतीची पत्रं’ असा बोर्ड आजच्या दिवशी इथे लावायचा म्हणजे... कळतंय ना तुम्हाला? कमिटीतले सगळेच घाबरलेत. बाईंना तुम्हीच सांगा. मला धीर होत नाही.”

छायाने फोन ठेवला आणि डायनिंग टेबलाकडे पाहिलं. जानेवारीत सासूबाई, वासंतीबाई, मिरजेहून व्हिजिट व्हिसावर आल्या, तेव्हापासून त्या टेबलावर घरातलं कुणी जेवलं नव्हतं. तिथे बोस्टन होतं, व्हर्जिनिया होतं, फिलाडेल्फिया होतं. वासंतीबाईंनी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. मिरजेच्या मिशनमधल्या एका डॉक्टरांनी मायदेशी परतताना त्यांना दोन जाड खंड दिले होते. इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेल्या तेरा वसाहतींच्या पुढाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं. निवृत्तीनंतर बाईंनी ती मराठीत आणायला घेतली. छायाचे सासरे, अण्णा, होते तेव्हा रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायच्या. अण्णा गेल्यावर दुप्पट वेगाने लिहायला लागल्या.

गेले दोन महिने छाया या शुक्रवारची वाट पाहत होती, ती टेबल मोकळं होणार म्हणून. आता सांगायची वेळ आली तेव्हा मात्र तिला ते मोकळं व्हायची घाई उरली नव्हती.

वासंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पेन्सिल कागदावर आडवी ठेवली.

“ओगल्यांचं चुकलं असं नाही म्हणणार मी,” त्या म्हणाल्या. “परक्या देशात पोट भरायला आलेली माणसं ती. चहा टाकतेस का गं थोडा?”

छाया ओट्यापाशी गेली, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. “आणि सुजीतला कळवायला हवं. नाहीतर उगाच देऱ्याहून इथवर येईल.”

छायाचा हात साखरेच्या डब्यावर थांबला. खरं काय रद्द झालंय ते तिला आत्ता कळलं. सुजीत, तिचा धाकटा दीर, या घरात जवळजवळ दोन वर्षांनी यायचा होता.

अण्णा गेले ते जूनमध्ये, २००१ साली. थोरला मुलगा, छायाचा नवरा राजन, शारजाहून मिळेल त्या विमानाने निघाला. सुजीतचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आणि तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे तो मॅनेजर बहरीनला. राजनने मिरजेत एक रात्र वाट पाहिली, सकाळी निर्णय घेतला आणि अण्णांना अग्नी दिला. सुजीत पोचला तो दुसऱ्या दिवशी. दारातूनच त्याने विचारलं, “एक दिवस थांबता आलं नाही तुला, दादा?” राजन म्हणाला, “यायचंच असतं तर आला असतास.” त्यानंतर दोघं बोलले नव्हते. एक शारजातल्या अल नहदाच्या टॉवरमध्ये, एक शेजारच्या शहरातल्या देऱ्यात तीन जणांच्या खोलीत. मध्ये गाडीने अर्धा तास. छाया कंपनीच्या ड्रायव्हरच्या हातून सुजीतला कधी थालीपीठं, कधी भाजणी पाठवायची. राजनला ते ठाऊक होतं आणि तो ठाऊक नसल्यासारखा वागायचा.

बाईंनी आल्या आल्या बोस्टनची पत्रं राजनला वाचायला दिली आणि व्हर्जिनियाची सुजीतला. राजनची तालीम घरी व्हायची. सुजीतची तालीम घ्यायला त्या दर मंगळवारी टॅक्सी करून देऱ्याला जायच्या. धो म्हणतात त्या लाकडी गलबतांच्या धक्क्याजवळच्या एका चहावाल्याकडे बसून ती होत असे.

“मी नाही कळवणार त्याला,” छाया म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. “येऊ दे.”

वासंतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन्सिल उचलली.

*

शुक्रवारी दुपारी दार राजनने उघडलं आणि समोर अण्णांची हनुवटी दिसली. सुजीत बारीक झाला होता. हातात कागदांची फाइल आणि खजुराचा डबा.

“ये,” राजन म्हणाला. दोन वर्षांतला हा पहिला शब्द. त्याला दुसरा सुचेना, म्हणून त्याने बातमी सांगितली. “कार्यक्रम कॅन्सल झालाय. तुला कुणी सांगितलं नाही?”

“वहिनी काही बोलल्या नाहीत.”

“मीच नाही सांगितलं,” आतून छाया म्हणाली. “आत तर या भाऊजी. बूट काढायला दारात का उभे?”

हॉलमध्ये टीव्हीवर हिरवट अंधारात उजेडाचे ठिपके फुटत होते. अवनी जमिनीवर बसून बघत होती. सतरा वर्षांची, शारजात जन्मलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. “हाय काका,” ती म्हणाली आणि सरकून तिने त्याला जागा केली.

सुजीतने टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं, मग आईकडे. “मग इथेच करू की. हॉल कशाला हवा?”

“इथे?” राजनचा आवाज चढला. “सुजीत, काल आमच्या एचआरने मेल काढलाय. गर्दी जमवू नका, पॉलिटिक्सवर बोलू नका. मी सिनियर माणूस आहे तिथे. आणि माझ्या घरात, खिडक्या उघड्या टाकून, राजाविरुद्ध उठाव करणाऱ्यांची पत्रं वाचायची?”

“सव्वादोनशे वर्षांपूर्वीची आहेत ती. मराठीतून.”

“बाजूला कोण राहतं हे तुला माहितीये का? नाही. कारण घर तुला चालवायचं नाहीये.”

सुजीतने फाइल बंद केली. छाया पुढे झाली. “अहो, घर मीही चालवते. आणि मला ऐकायचंय. दोन महिने भाजी निवडताना कानावर तुकडे पडतायत. कोण कुणाला काय म्हणालं आणि पुढे काय झालं, एकदा सलग ऐकू तरी द्या.”

राजनने बायकोकडे पाहिलं. आईच्या कागदांवर इतके दिवस कुरकुर करणारी हीच ना? मग तो मुलीकडे वळला. “अवनी, तू सांग.”

“आय अॅम नॉट रीडिंग,” अवनी म्हणाली. निवेदन तिच्याकडे होतं. “सॉरी आजी. लुक अॅट धिस.” तिने टीव्हीकडे बोट केलं. “आणि आज आपण बसून अमेरिकन्सना ग्रेट म्हणायचं? दे ओन्ड स्लेव्ह्ज. फ्रीडम फ्रीडम लिहायचे आणि घरी स्लेव्ह्ज. आम्हाला शिकवलंय.”

“झालं,” राजन म्हणाला. मुलगी आपल्या बाजूची निघाली खरी, पण तिचं कारण ऐकून त्याला बरं वाटलं नाही.

वासंतीबाई सावकाश खुर्चीत बसल्या. “खरं शिकवलंय,” त्या अवनीला म्हणाल्या. “व्हर्जिनियाच्या ज्या पुढाऱ्यांची पत्रं काका वाचणार, त्यांतल्या बहुतेकांच्या शेतांवर गुलाम राबत होते. बोस्टनमध्येही गुलाम होते. मी ते लिहिलंय. ओगल्यांनी वेळेअभावी ते पान काढायला लावलं.”

“आणि तू काढलंस?”

“काढलं.”

अवनी काही बोलणार तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या बदरुन्निसा होत्या. कोकणातल्या, मालवणी वळणाचं मराठी बोलणाऱ्या. नवरा कुवेतला बंदरावर कामाला. डोळे सुजलेले.

“छाया, तुझ्या फोनवरनं लागतो काय बघू? माझ्याकडनं कालपासनं लायनीच बिझी. कुवेतवर मिसाइलं पडली म्हणतात.”

छायाने तीनदा नंबर फिरवला. लागला नाही. तिने त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. बदरुन्निसांची नजर टीव्हीवर गेली आणि त्यांनी तोंड फिरवलं.

“बंद कर गो ता, पोरी. कालपासनं त्याच बघतंय. इन्शाल्ला लागेल फोन. तोवर माका दुसरा कायतरी ऐकव. तुमचा नाटक होता ना आज?”

अवनीने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. खोलीत एकदम एसीचा आवाज ऐकू यायला लागला. कुणी राजनकडे पाहिलं नाही. तो उठला, त्याने बाल्कनीचं दार लावलं, खिडकी लावली आणि आपले कागद घेऊन खुर्चीवर बसला.

*

निवेदन अवनीने हातात घेतलं ते केवळ बदरुन्निसा आंटींसाठी, असं ती स्वतःला सांगत होती. आजीची अक्षरं मोठी आणि गोल होती. ती अडखळत वाचू लागली.

राजाच्या सरकारने बोस्टनचं बंदर बंद केलं. ज्या गावाचं पोट बंदरावर, त्या गावात जहाज येईना. गोदीतली माणसं घरी बसली. तेव्हा बोस्टनच्या पुढाऱ्यांच्या समितीने बाकीच्या वसाहतींना पत्रं लिहिली: आज आमची पाळी आहे, हे सोसायचं की नाही ते तुम्हीही ठरवा.

बाबांनी बोस्टनचं पत्र वाचलं. बाबा ऑफिसात प्रेझेंटेशन देत असतील तसेच वाचत होते, सरळ, कोरडे. आणि तरी ते छान वाटत होतं, कारण पत्रात कुठेही भीक नव्हती.

“आता ऐका गंमत,” आजी मध्येच म्हणाली. कागदात नसलेलं ती बोलत होती. “या वसाहतींचं एकमेकींशी अजिबात पटत नव्हतं. उत्तरेच्यांना वाटायचं, दक्षिणेचे सगळे ऐतखाऊ जमीनदार. दक्षिणेच्यांना वाटायचं, उत्तरेचे म्हणजे चिक्कू दुकानदार. सीमेवरून भांडणं, व्यापारावरून भांडणं. बहुतेकांनी एकमेकांची गावंही पाहिलेली नव्हती. पत्र पोचायला घोड्यावरून आठवडे लागायचे. वाच, सुजीत.”

काका वाचायला लागला. दक्षिणेतून तांदूळ आला. शेजारच्या वसाहतीतून मेंढ्यांचे कळप हाकत आणले. धान्य आलं, पीठ आलं. प्रत्येक गाडीबरोबर पत्र. काकाचा आवाज बाबांसारखाच होता, फक्त तो शब्दांच्या शेवटी थोडा खाली यायचा.

“तांदूळ धाडला?” बदरुन्निसा आंटींनी विचारलं. “वळखदेख नसताना?”

“ओळख पत्रांतून झाली,” आजी म्हणाली. “म्हणून मला ही माणसं मोठी वाटतात हो. तलवार काय, कुणीही उपसतं. पण ज्याचा भरवसा वाटत नाही, त्याला आपल्या मनातलं स्पष्ट लिहायचं, त्याचं उलट उत्तर आलं तर तेही नीट वाचायचं आणि पुन्हा लिहायचं. वर्षानुवर्षं. पकडले गेले असते तर याच पत्रांवरून फासावर गेले असते. तरी खाली सह्या केल्या.”

आजीच्या गालांवर लाली आली होती. अवनीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. मिरजेच्या कॉलेजातली ती बाई अशी दिसत असणार, पुढच्या बाकावरच्या मुलींना.

“आजी,” ती म्हणाली, “ते काढलेलं पान कुठेय?”

आजीने गठ्ठ्याच्या तळातून पान काढून दिलं. अवनी मनात वाचत गेली आणि थांबली. “वेट. हे खरंय? स्लेव्ह्जनी पण...?”

“मोठ्याने.”

ती मोठ्याने वाचू लागली. मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनीही आपली समिती केली होती. त्यांनीही तिथल्या लोकप्रतिनिधींना पत्र लिहिलं आणि चार जणांनी खाली आपापली नावं घातली. तुम्ही स्वतःच्या गुलामीविरुद्ध इतक्या ठामपणे उभे राहिलात, तेव्हा आमच्याबाबतीत तुमच्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत, असा त्याचा आशय होता. त्या वेळी त्यांना कुणी मुक्त केलं नाही.

अवनीने पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

“दे यूज्ड देअर ओन वर्ड्स ऑन देम,” अवनी शेवटी म्हणाली.

“हो. त्यांचेच शब्द त्यांच्यासमोर धरले,” आजी म्हणाली. “मला विचारशील तर सगळ्यांत धीट पत्र हे. मी ते काढायला नको होतं. आज वाचलं गेलं, बरं झालं. पुढे चल.”

*

पुढे १७७५चा एप्रिल होता. वासंतीबाईंनी डोळे मिटून घेतले. हा भाग त्यांना पाठ होता.

बोस्टनजवळच्या गावांत पहाटे गोळीबार झाला. माणसं मेली. बाकीच्या वसाहतींना विचारायला वेळच नव्हता. लढाई आधी झाली, पत्र नंतर गेलं. घोडेस्वार निघाले, गावोगावची समिती बातमी वाचायची, वर आपली सही करायची आणि पुढच्या गावाला धाडायची.

राजनने पत्र वाचायला घेतलं. जे घडलं ते कसं घडलं. आम्ही का थांबू शकलो नाही. तुमचा सल्ला घ्यायला हवा होता, पण ती वेळ आमच्या हातात नव्हती. इथवर तो आला आणि थांबला. त्याने ओळीखाली बोट धरलं. ओळ पुन्हा सुरू केली. पुन्हा तिथेच थांबला.

“दादा, पाणी देऊ?” सुजीत म्हणाला.

राजनने नको म्हणून मान हलवली. कागद मांडीवर ठेवला.

वासंतीबाईंनी डोळे उघडले. भूमिका वाटताना त्यांनी हे पत्र मुद्दाम राजनला दिलं होतं, हे दोन्ही मुलांना एव्हाना कळलं असणार. कळू दे. आपण आई आहोत.

“तुझं आहे पुढचं,” त्या सुजीतला म्हणाल्या.

सुजीतचा भाग असा होता: त्याच आठवड्यात, तिकडे व्हर्जिनियात, गव्हर्नरच्या माणसांनी कोठारातली बंदुकीची दारू अंधारात उचलून नेली. लोक चिडून रस्त्यावर आले. व्हर्जिनियानेही ही बातमी सगळ्यांना कळवायला पत्रं लिहिली. बोस्टनमध्ये रक्त सांडल्याचं तेव्हा त्यांना माहीत नव्हतं आणि बोस्टनला यांचं माहीत नव्हतं. दोन्हीकडची पत्रं एकाच वेळी रस्त्यावर होती, एक वर निघालेलं, एक खाली.

सुजीतने एवढं वाचलं आणि त्यानेही कागद खाली ठेवला.

“मी त्या रात्री मॅनेजरच्या भावाच्या घरी होतो,” तो म्हणाला. पत्रातलं नव्हतं हे. “अजमानला. त्याच्याकडे दुसरी किल्ली असेल असं कुणीतरी सांगितलं होतं. जिन्यात बसून राहिलो तो येईपर्यंत.”

राजनने वर पाहिलं. “मी तुझ्या खोलीवर फोन करत होतो. सारखा. वाजत राहिला.”

“खोलीवर कोण असणार? बाकीचे दोघे नाइट ड्युटीला.”

“मला काय माहीत? मला वाटलं, तू उचलत नाहीयेस.” राजनने तोंडावरून हात फिरवला. “डॉक्टर म्हणत होते, बर्फ पुरणार नाही. काका म्हणत होते, उरकून घ्या. आई कुणाशी बोलत नव्हती. मी पहाटेपर्यंत रिसीव्हर हातात धरून बसलो होतो, सुजा. मग ठेवला.”

‘सुजा’ ही हाक या घरात अण्णांनंतर कुणी मारली नव्हती. बदरुन्निसांना सगळं कळत नव्हतं, पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“मला एक फोन करता आला असता,” सुजीत म्हणाला. “मिरजेला. जिन्याखाली बूथ होता. पण सांगणार काय? पासपोर्ट मिळाला नाही हे? ज्या नोकरीसाठी तू शब्द टाकला होतास, त्या नोकरीने मला असं बांधून ठेवलंय हे? मिळाला की करतो म्हटलं. मिळाला तेव्हा फ्लाइटची वेळ झाली होती.”

“मला जे बोलायचं नव्हतं ते मी दारात बोललो.”

“बोललास खरा.”

“चुकलो.”

सुजीत फाइल उघडून मिटत राहिला. वासंतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या वर्गात मुलांना विचारत आल्या, एवढ्या भांडकुदळ तेरा जणी एक कशा झाल्या? मुलं कर, कायदे, लढाया अशी कारणं घडाघडा सांगत. ती बरोबरच असत. पण त्यांना स्वतःला नेहमी वाटे, कुणीतरी दुसऱ्याचं पत्र फोडून वाचलं आणि मनाशी म्हणालं, अरे, हाही जागाच होता. तिथे काहीतरी झालं असणार. हे त्या कुठल्याही पेपरात लिहू शकल्या नसत्या. त्याला पुरावा नव्हता.

“एक दिवस थांबला असतास तर मला चेहरा दिसला असता,” सुजीत म्हणाला. “ते काही भरून येणार नाही, दादा.”

“नाही येणार.”

“पण तू फोन करत होतास हे मला माहीत नव्हतं.”

छायाने नाक पुसलं आणि उगाचच उठून पाण्याचे ग्लास भरले. अवनी आजीच्या पायाशी येऊन बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. छायाने धावत जाऊन उचलला, ऐकलं आणि रिसीव्हर उंच धरून म्हणाली, “बदरुन्निसा भाभी, कुवेत! तुमच्या घरी लागला नाही म्हणून इकडे केलाय.” बदरुन्निसा उठल्या त्या चपला न घालता, चष्मा सोफ्यावर टाकून. पलीकडच्या आवाजाला त्या एकदम ओरडल्या, रागावल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, “जेवलास काय रे?”

त्या गडबडीत राजनने खुर्ची सुजीतच्या जवळ ओढली. वासंतीबाईंना त्याचा हलका आवाज ऐकू आला.

“जूनमध्ये श्राद्ध आहे. यंदा तू बस पाटावर. मिरजेला. मी थोरला आहे, मी सांगतोय, कुणी काही म्हणणार नाही. मी तुझ्या मागे बसेन.”

सुजीतने आपल्या कागदांच्या कडा जुळवल्या. मग त्याने मान डोलावली.

“गुरुजींना मी आजच फोन करतो,” राजन म्हणाला.

“तू नको करूस. तू त्यांच्यावर ओरडतोस. अण्णांच्या दहाव्याला रागावले होते ते.”

“मी ओरडलो? दोन तास उशिरा आले होते!”

“म्हातारे आहेत दादा, रिक्षाने येतात.”

“मग आदल्या दिवशी सांगायचं, रिक्षा पाठवली असती—”

आवाज वाढत गेले. अवनी घाबरून आजीकडे बघायला लागली. “आजी, दे आर फायटिंग अगेन.”

“हो,” वासंतीबाई म्हणाल्या आणि टेबलावरचे कागद गोळा करायला उठल्या. “छाया, पानं वाढायला घे. आज सगळे इथेच जेवू.”